आसारामची बारी

१४ ऑगस्ट १९७२, सोमवार

आजपासून पाच महिने शाळेतून मोकळी. पत्रावर सही करताना मुख्याध्यापकांनी असा चेहरा केला की जणू मी पळून चालले आहे. चौदा वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला, एवढं तरी माझ्या वाट्याला यायला हरकत नाही.

पुण्याच्या संस्थेतले राजहंससर सकाळीच नगरला आले. बारीक चणीचे, जाड चष्म्याचे; बोलताना माणसाकडे न बघता कागदाकडे बघतात. सरकारला अहवाल हवा आहे: दुष्काळात चोऱ्या वाढतात का, करतं कोण, आणि पोलिसांनी काय केलं म्हणजे त्या थांबतील. कर्जत तालुक्यातल्या कोरेझरी ठाण्याची हद्द माझ्याकडे. तिथे पारध्यांची वस्ती आहे. गावात कोंबडी हरवली तरी पोलीस आधी तिकडे जातात.

सर म्हणाले, "हन्नाबाई, आजवर हे सगळं अंदाजानं चाललंय. वस्तीत पुरुष एकोणीस आणि दप्तरात चोर एक्केचाळीस, असं कसं? आपण नीट मोजून दाखवू, की खरे गुन्हेगार दोन-चारच आहेत. मग बाकीच्यांचा छळ थांबेल." मला हे फार पटलं. इतकी वर्षं पोरांच्या पाट्या तपासल्या, आता सरकारची पाटी तपासू.

घरी आक्काला सांगितलं. घरात आम्ही दोघीच बहिणी, त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क तिच्याकडेच. म्हणाली, "चोरांची नावं लिहायला चाललीस? त्यापेक्षा देवळात बाप्तिस्म्याचं पुस्तक लिही, पाळकसाहेब कधीचे माणूस शोधतायत." आक्काला संशोधन म्हणजे काय ते कळत नाही.

२५ ऑगस्ट

कोरेझरी. ग्रामसेविकेच्या खोलीत माझी सोय झाली आहे. विहिरी आताच तळाला गेल्यात आणि अजून सगळं वर्ष पुढे पडलं आहे. रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं सरकारी काम सुरू झालंय, अख्खं गाव तिकडे.

ठाण्यातले फौजदार शितोळे सभ्य निघाले. मला वाटलं होतं, मिशीवर ताव देणारा कोणी असेल. खुर्ची दिली, चहा मागवला, दहा वर्षांची दप्तरं काढून दिली. पंचेचाळीस शिक्षा, एक्केचाळीस नावं. एकाच माणसाची चार नावं असणार हे उघड आहे. मी विचारलं, बोटांचे ठसे घेत नाही का? हसले. "पुण्याला पाठवावे लागतात बाई. एका शेळीपायी कोण पाठवतो?"

माझी वही बघून म्हणाले, "काय अक्षर आहे! आमच्या हवालदाराला जरा शिकवा." आता अक्षर चांगलं आहे त्याला मी काय करू? पण बरं वाटलं, ते खोटं कशाला लिहू.

६ सप्टेंबर

वस्तीवर तिसरी खेप. निष्पत्ती शून्य. म्हातारा बन्सी हा त्यांचा पंच. दाढी पांढरी, डोळे मिस्किल. मी वही उघडून विचारलं, "याचं नाव काय?" बन्सी म्हणाला, "रामा." "आणि त्याचं?" "रामाच." "तो पलीकडे बसलाय तो?" "त्यो बी रामाच म्हना की बाई. देवाचं नाव, लिवाया काय जातंय?" सगळे हसले. मीही हसले असते, पण मी तशी हसणारी बाई नव्हे. वही मिटली आणि म्हटलं, "ठीक आहे, एकोणीस रामा. उद्या पुन्हा येते."

२१ सप्टेंबर

पुरुषांकडून काही निघणार नाही. आज बायकांत बसले. लंकाबाई म्हणून एक आहे, तिशी उलटलेली, अंगावर सात महिन्यांची पोरगी. पोरीचे डोळे आले होते, चिकटून बसले होते. मी पाणी उकळायला लावलं, कापूस आणला होता, डोळे धुऊन काढले. उद्या पुन्हा धुवायचे म्हणून सांगितलं. पोरीला चिमी म्हणतात. बारा वर्षांनी झालेलं पहिलं लेकरू.

तिच्या नवऱ्याला लांबून पाहिलं. उंच, वाकलेला, खडीवरून आला होता. आल्याबरोबर पोरीला उचललं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी लंकाला विचारलं, मालकांचं नाव काय? ती पदर तोंडाला लावून गप्प. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं यांच्यात मानतात. आमच्या आजीचंही तसंच होतं. बाप्तिस्मा झाला तरी आजोबांचं नाव तिनं मरेपर्यंत घेतलं नाही.

३ ऑक्टोबर

आज सांगितलं तिनं. सगळं.

चिमीचे डोळे आता स्वच्छ झालेत. तिला मांडीवर घेऊन मी लंकाला समजावत बसले होते, शाळेत समजावते तसं. "हे बघ, खरी नावं कळली तर सरकारला दिसेल की चोर थोडेच आहेत. मग उठसूट वस्तीवर धाड यायची नाही. आणि नाव माझ्या वहीच्या बाहेर जाणार नाही. अहवालात नुसते आकडे." ती म्हणाली, "बाई, पंचांना कळलं की म्या नाव फोडलं, तर वाळीत टाकत्याल मला. पोरीसकट." मी म्हटलं, "हन्नाबाईचा शब्द आहे."

तिनं चिमीच्या टाळूवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आसाराम." मग दप्तरातली नावं मी वाचून दाखवली, त्यांतल्या पाच नावांना तिनं मान डोलावली. रामा, किसन, लक्ष्मण, दगडू आणि नारायण हे सगळे आसारामच.

मी म्हटलं, पाच चोऱ्या केल्या त्यानं? तर माझ्याकडे बघतच राहिली.

"चोऱ्या कुटं बाई. त्या बाऱ्या."

मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "गावात चोरी झाली की ठान्यातनं सांगावा येतो, सकाळपतूर एक मानूस आना, न्हाईतर समदी वस्ती उचलतो. मग पंच बसत्यात. ज्याची बारी आसंल त्यो जातो. कवा चोरी आमच्यातल्या कुनी केलेली आसती, कवा न्हाई. ते कोन इचारतंय? ज्याच्या घरी तान्हं लेकरू त्याला सोडत्यात. आमाला लेकरूच नव्हतं. म्हनून ह्यांची बारी लई यायची." दर वेळी नाव वेगळं द्यायचं, म्हणजे मागची शिक्षा पुढच्या खटल्याला चिकटत नाही.

"आता चिमी झाली. पंच म्हनले, आता ह्यांची बारी सरली." हे सांगताना हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

१२ ऑक्टोबर

सर येऊन गेले. पाच नावं एकत्र जुळवल्याचं पाहून इतके खूष झाले की चष्मा काढून पुसला. मी बारीचं सांगितलं. ऐकून घेतलं, पण म्हणाले, "हन्नाबाई, याला पुरावा काय? एका बाईचं ऐकीव. दप्तरात शिक्षा आहे, कोर्टाचा शिक्का आहे. तक्त्यात याला रकाना कुठे?" मी म्हटलं, नवा रकाना पाडू. "त्यात काय भरणार? कोण कबूल करणार? आणि एक रकाना असा डळमळीत राहिला तर अख्खा अहवाल सरकार बाजूला टाकेल. मग या लोकांचं भलं कसं व्हायचं?"

त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे. मी चौथीची मास्तरीण, त्यांनी विलायतेत शिक्षण घेतलंय. रकाना पाडला नाही. तरी जेवताना सारखं वाटत होतं की काहीतरी सुटलं. उपाशीपोटी फिरल्याचा परिणाम असेल.

२९ नोव्हेंबर

तक्ता क्रमांक नऊ पूर्ण. एक्केचाळीस नावांची माणसं झाली तेरा. त्यांतल्या तिघांच्याच नावावर तिसरा हिस्सा शिक्षा. सरांनी खाली निष्कर्ष लिहिला: वारंवार गुन्हा करणाऱ्या थोड्या व्यक्तींवर लक्ष एकवटावे, सरसकट हजेरी व धाडी बंद कराव्यात. वाचताना माझा ऊर भरून आला. असं काही आपल्या हातून होईल असं वाटलं नव्हतं.

अहवालात माणसांना क्रमांकच दिले आहेत. शब्द पाळला. क्रमांक एक म्हणजे आसाराम.

१४ डिसेंबर

सरांचं पत्र: मूळ यादी ठाण्याकडून पडताळून घ्यावी, नाहीतर पुण्यात कोणी शंका काढील. मी वहीची आणि निष्कर्षाची सुवाच्य नक्कल केली, नावांसकट, कारण नावांशिवाय पडताळणार काय? फौजदारांकडे दिली. एका दिवसात देतो म्हणाले, तीन दिवसांनी दिली. एकही चूक निघाली नाही. "बाई, दहा वर्षांत आम्हाला जमलं नाही ते तुम्ही केलंत," म्हणाले. निघताना स्वतः उठून दारापर्यंत आले.

२३ जानेवारी १९७३

शाळेत परत आले आहे. आज दुपारच्या सुट्टीत लंका फाटकाशी उभी. कोरेझरीहून नगर, पोरगी कडेवर. मी तिला ओळखलंच नाही आधी.

खडीच्या कामावरच्या गुदामातून मजुरांच्या गव्हाची दोन पोती गेली. यंदा माणूस आणा असा सांगावा आलाच नाही. फौजदार सरळ गाडी घेऊन वस्तीवर आले, हातात कागद, आणि हाक मारली, "आसाराम कोण?" वस्तीत कोणी बोलेना. मग तोच पुढे झाला.

"बाई, त्यांना नाव कुनी सांगितलं?" लंकानं विचारलं. मी म्हटलं, मी बघते, तू घाबरू नकोस. तिला भाकरी दिली, ती तिनं तशीच बांधून घेतली.

२८ जानेवारी, रविवार

उपासनेला न जाता कोरेझरीला गेले. फौजदारांनी पुन्हा खुर्ची दिली. माझीच यादी हवालदाराच्या अक्षरात त्यांच्या टेबलावर होती, म्हणजे माझ्या नकलेची त्यांनी नक्कल करून घेतली होती. मी म्हटलं, तो त्या दिवशी खडीवर होता. "मुकादम म्हणतो, मस्टरवर कुणाचाही अंगठा असतो. आणि बाई, तुमचा अहवालच सांगतो ना, थोड्यांवर लक्ष एकवटा? बघा, यंदा मी बाकी वस्तीला हातसुद्धा लावला नाही."

हे खरं आहे. त्यांनी हात लावला नाही. मला त्यांच्यावर चिडताही आलं नाही.

आक्काला सांगितलं. ती नुसती म्हणाली, "जेवून घे."

२ एप्रिल

कोर्टाचं समन्स. आधीच्या शिक्षा शाबीत झाल्या तर कलम पंचाहत्तर लागतं आणि दोन वर्षांची सात होऊ शकतात, म्हणून खटला नगरला वरच्या कोर्टात आला आहे. पाच नावांचा माणूस एकच, हे सांगायला साक्षीदार मी. दुसरा पुरावाच नाही त्यांच्याकडे.

सरांना तार केली. उत्तर आलं: "जे खरे ते सांगावे." मला काय खोटं सांगायचं होतं? लहानपणापासून पाठ आहे, आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. खऱ्या साक्षीचं काय करायचं ते कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

१६ एप्रिल, सोमवार

चोरी आधीच शाबीत धरली होती. पोती वस्तीपासून दोन शेतं अलीकडे ओढ्यात सापडली, एवढ्यावर. आज माझी साक्ष.

मागच्या बाकावर बन्सी आणि वस्तीतली पाच-सहा माणसं. त्यांच्यापासून जरा लांब लंका, मांडीवर चिमी. आसाराम पिंजऱ्यात दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभा. वाळला आहे.

सरकारी वकिलांनी विचारलं, ही वही तुमची? हो. ही पाच नावं एकाच माणसाची, असं यात लिहिलंय? हो. मी बारीचं सांगायला लागले तर न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "बाई, विचारलं तेवढंच सांगा."

मग कोर्टाने आसारामला नेमून दिलेला वकील उठला. तरुण आहे, पण हुशार. त्यानं एकच प्रश्न विचारला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही. मग त्या माणसाचं नाव सांगा." मला नंतर कळलं त्याचा डाव काय होता. मी नाव सांगितलं, की तो म्हणणार होता, हे ऐकीव आहे, याला पुरावा म्हणत नाहीत. पाच शिक्षा गळून पडल्या असत्या.

पण नाव होतं लंकाचं, आणि मागे बन्सी बसला होता.

मी तोंड उघडलं. लंकाचं नाव घेणार होते की मला आठवत नाही म्हणणार होते, हे खरंच मला ठाऊक नाही. लंकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी बघितलं. तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं. वकील म्हणाला, "सांगा बाई." न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला.

"बाईला म्याच सांगितलं, साहेब."

वकील गर्रकन वळला, गप्प राहा म्हणून हात केला. आसारामनं तिकडे पाहिलंच नाही.

"ती पाची नावं माजीच हायेत. पाची शिक्षा म्याच भोगल्यात. बाईला दुसऱ्या कुनी काय सांगितलं न्हाई. लिवून घ्या."

त्याच्याशी आयुष्यात माझं एक वाक्यसुद्धा बोलणं झालेलं नाही.

न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, समजून बोलतोस का? व्हय म्हणाला. सात वर्षं. बाहेर वकील मला म्हणाला, "दोन मिनिटं गप्प बसला असता, तर दीड-दोन वर्षांत घरी आला असता. या लोकांना अक्कल नसते." बन्सी लंकाजवळ गेला, चिमीला तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाला, "चल, घरला जाऊ." वस्तीनं तिला आपल्यात ठेवलं.

१७ एप्रिल

काल एक गोष्ट लिहिली नाही. तो बोलला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. माझ्यावरचं गेलं म्हणून. ते पुरतं एक मिनिट तरी टिकलं असेल. आक्कालासुद्धा हे सांगणार नाही.

११ जून

सरांचं लांबलचक पत्र. अहवाल छापला. सरकारचं परिपत्रक निघणार, प्रत्येक ठाण्यानं तक्ता नऊसारखी यादी करावी. शिवाय, "आपण जुळवलेल्या नावांना खुद्द आरोपीनं भर कोर्टात दुजोरा दिला. आपल्या पद्धतीला याहून मोठा पुरावा कोणता? दुसऱ्या आवृत्तीत तशी टीप घालू. टीप आपणच लिहावी, अक्षर व भाषा दोन्ही चांगली." पुढच्या वर्षी आणखी तीन जिल्हे, इतर बायांना शिकवायला मला बोलावलं आहे.

सर वाईट माणूस नाहीत. हेच मला जास्त सोसवत नाही.

टीप लिहिली नाही. त्या वकिलाकडे गेले. अपिलाला मुदत आहे का विचारलं. म्हणाला, आहे, पण वस्तीतल्या चार माणसांनी बारीची रीत प्रतिज्ञेवर सांगितली तरच काही उभं राहील. ते मात्र तुम्ही आणा.

२ जुलै

कोरे कागद घेऊन कोरेझरीला गेले. आमच्याकडे दोन सरी येऊन गेल्या होत्या, इथे काही नाही.

बन्सीसमोर बसले. सगळं नीट सांगितलं, यावेळी न शिकवता. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बारी? कसली बारी बाई? आमच्यात आसलं काय न्हाई."

"बन्सीबाबा, आसाराम सुटेल."

"त्यो एक सुटंल," म्हणाला. "मग समदी वस्ती उचलत्याल, बाई."

चार झोपड्या फिरले. कोणी ओळख दाखवली, कोणी नाही. बारीचं नाव काढलं की सगळे एकच वाक्य बोलत होते. एका झोपडीत, कोर्टात बन्सीशेजारी बसलेल्या श्रीमंतची तरणी बायको होती; पोटुशी दिसली, तान्हं अजून नाही. त्याला साक्षीला विचारावं म्हणून श्रीमंत कुठे म्हटलं, तर "गेलाय" म्हणाली आणि आत गेली. कामाला गेला असेल, पण खडीचं काम तर आता बंद आहे.

शेवटी लंकाकडे. चिमी पाऊल टाकायला लागली आहे, खांबाला धरून. लंकानं बसायला गोणपाट टाकलं, पाणी दिलं, सगळं रीतसर. मी म्हटलं, "लंका, तू तेव्हा मला जे सांगितलंस तेवढंच पुन्हा सांग. मागे त्याला रकाना नाही म्हणून सोडलं, यावेळी मी ते लिहिणार आहे. सगळ्यात आधी तेच लिहिणार आहे."

ती माझ्याकडे सरळ बघून बोलली, एकेक शब्द सावकाश, लिहिणाऱ्याला सोपं जावं असा.

"मालक चोरच हाय माझा. पाच बी त्यानंच केल्या, ही सहावी बी त्यानंच केली. बारी बिरी काय नसती."

"लंका, असं नको."

"तुमाला रकान्यात बसंल आसंच सांगितलं बाई. लिवा, आनि जावा आता."

मी लिहून घेतलं. खाली तिचा अंगठा घेतला. साडेचारची एस.टी. पाचला आली.